आगगाडीची नदी

तिसऱ्यांदा नदीचा काठ फुटला आणि पाणी देशमुखांच्या सतरंजीपर्यंत गेलं. इंद्रभान माळ्यानं खांद्यावरचा शेला ओढून त्यावर टाकला, गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी दाबला आणि मान वर न करता म्हणाला,

"मालक, मातीच कच्ची हाय."

"माती कच्ची नाही बे. तुही नदी कच्ची हाय."

उत्तमराव देशमुख पलंगावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर इंजिन होतं. हिरव्या पत्र्याचं, चावीचं. कौन्सिलच्या कामाला म्हणून नागपूरला गेलेले देशमुख तिथून मुंबईला कसे पोचले हे त्यांना घरात कोणी विचारलं नाही, पण येताना त्यांनी ही विलायती आगगाडी आणली होती. इंजिन, पाच डबे आणि बैलगाडीच्या दोन चाकांना वळसा घालतील एवढे रूळ. दोन्ही मुली कधीच सासरी गेल्या होत्या आणि घरात खेळायच्या वयाचं कोणी नव्हतं. देशमुखच खेळत. चावीला मात्र दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

देशमुखांच्या घरी महालक्ष्म्या बसत, आणि त्यांच्यापुढची आरास गेली बारा वर्षं इंद्रभानाच्या हातची असे. एरवी तो वांगी, दोडके, मिरच्या करणारा माणूस. मळा नदीला लागून. पण भाद्रपद जवळ आला की त्याचं चित्त मळ्यात लागत नसे. एके वर्षी त्यानं गोकुळ केलं होतं, एके वर्षी लंका, आणि लंकेला खरी आग लावून देशमुखीणबाईंच्या शालूचा पदर जाळला होता. यंदा देशमुख म्हणाले, गोकुळ पुरे झालं. आपल्या मुलखातून एवढी आगगाडी जाते, ती महालक्ष्म्यांनी पाहायला नको का?

इंद्रभान दोनदा मलकापूरला जाऊन आला. रुळाच्या पुलाजवळ दिवसभर बसला. खडी कशी उतरती टाकतात, पुलाच्या दगडावर धुराची काजळी कुठे बसते, रुळांच्या मध्ये गवत का उगवत नाही, सगळं त्यानं डोळ्यांत भरून आणलं. मग कामट्यांचे सांगाडे बांधले, त्यावर गोणपाट ताणलं, शेणमातीचे हात दिले आणि डोंगर उभे केले. विहिरीच्या भिंतीचं शेवाळ वाळवून, चुरून त्याचं गवत केलं. वाळल्या घोसाळ्यांची जाळी हिरव्या रंगात बुडवून झाडं केली. आपल्याच मळ्याची काळी माती चाळून शेत पसरलं, त्यात काड्या रोवल्या आणि काडीकाडीला चिमूट चिमूट कापूस लावला. काजळी चिमणीच्या काचेवरची. एवढं होईपर्यंत देशमुखीणबाईसुद्धा दोनदा येऊन पाहून गेल्या. त्या सगळ्यात खोट म्हणून नव्हती. खोट होती ती पाण्यात.

आधी त्यानं जस्ताच्या थाळ्यात खरं पाणी घातलं, तर दुसऱ्या दिवशी रुळांना तांबेरा चढला. मग काचेला खालून निळा रंग दिला. मनकर्णाबाई, म्हणजे देशमुखीणबाई, म्हणाल्या की हे तर निळीची बादली सांडल्यासारखं दिसतं. मग पुन्हा खरं पाणी, मातीचे काठ उंच करून. ते आता सतरंजीवर होतं.

"परवा महालक्ष्म्या येतात," देशमुख इंजिनाला फुंकर मारत म्हणाले. "मलकापूरचे वकील येऊन राह्यले पाहायले. मले पाण्यासारखं पाणी पाहिजे."

इंद्रभान शेला पिळत बाहेर पडला. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. बारा वर्षांत त्याला कोणी असं बोललं नव्हतं.

तो घरी गेला नाही. भर दुपारी मळ्याच्या खालच्या अंगाला नदीवर जाऊन बसला. इतकी वर्षं तो त्या पाण्यात पाय धूत आला होता, भाजीच्या पाट्या बुडवत आला होता, पण ते दिसतं कसं हे त्यानं पाहिलं नव्हतं. काठाशी ते गढूळ होतं. हातभर पुढे हिरवट. आणि मध्ये डोहात त्याला रंगच नव्हता. तिथे ढग होते, बाभळीची फांदी होती आणि वाकून पाहिलं तर खुद्द इंद्रभान होता.

"आरसा पाहिजे," तो मोठ्यानं म्हणाला आणि उठला.

घरात आरसा होता तो त्याच्या बायकोचा, तानुबाईचा. तो पुरीएवढा. मलकापूरचा बाजार कालच होऊन गेला होता. देशमुखांच्या घरच्या मोठ्या आरशाचा विचार करण्यातही अर्थ नव्हता. आणि मग त्याला अक्काची पेटी आठवली. खरं सांगायचं तर पेटी त्याला नदीवरच आठवली होती. बाकीचं सगळं त्यानं नंतर, मनाची समजूत घालायला आठवलं.

अक्का म्हणजे सत्यभामाबाई, त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची आणि तो दोनाचा. तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवला. सुलतानपूरला दिली होती. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा तापानं गेला आणि इंद्रभान बैलगाडी घेऊन तिला आणायला गेला. येताना तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. वाटेत गाडी आदळली, पेटीचं झाकण उघडलं, तेव्हा तिनं पटकन लाल फडक्यात गुंडाळलेल्या वस्तूवर हात ठेवला होता. हातभर लांबीचा, जाड काचेचा आरसा. नवऱ्यानं हौसेनं आणलेला. त्यानंतर त्या आरशाबद्दल घरात कोणी बोललं नाही. माळ्यांत विधवेचा पाट लावायची चाल होती आणि दोन ठिकाणांहून विचारणाही झाली होती. अक्कानंच नको म्हटलं, असं इंद्रभान लोकांना सांगे. खरं तर तिला कोणी विचारलंच नव्हतं. देशमुखांकडे उठबस असलेल्या घरात पाट बरा दिसत नाही, असं त्याच्या बापाला वाटलं होतं आणि बापाच्या मागे त्यालाही तसंच वाटत राहिलं.

आताही त्यानं तिला विचारलं नाही. विधवा बाईपुढे आरशाचं नाव काढू नये, हे त्याला कोणी न शिकवता ठाऊक होतं. विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. आणि ती नाही कशाला म्हणेल? नऊ वर्षं फडक्यात पडलेली वस्तू. न विचारण्यातच माया आहे, असं त्यानं ठरवून टाकलं.

अक्का तेव्हा देशमुखांच्या मागच्या अंगणात पुरणाची डाळ निवडायला गेली होती. तानुबाई मळ्यात होती. त्यानं पेटी उघडली. दोन लुगडी, एक पोथी, फणी, आणि तळाशी लाल फडकं. आरसा बाहेर काढून त्यानं उजेडात धरला. नऊ वर्षांची म्हणून जेवढी धूळ असायला हवी तेवढी त्यावर नव्हती. मुळीच नव्हती. कडेला खोबरेल तेलाचा एक अंगठा उमटला होता. इंद्रभानानं तो धोतराच्या सोग्यानं पुसला, फडक्याची होती तशी घडी घालून ते जागेवर ठेवलं आणि पेटी लावली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हातून जे काम झालं ते बारा वर्षांत झालं नव्हतं. आरशाची सागवानी चौकट त्यानं सोडवली. तिच्या पट्ट्यांचे पुलाचे कठडे झाले. सुताराकडून हिरकणी आणून काच मधोमध कापली, कारण नदीला वळण हवं होतं. दोन तुकड्यांचा सांधा बरोबर पुलाखाली लपवला. काठाला डिंक कढवून, त्यात गाळ कालवून ओतला. काठाशी दाट, मग पातळ, मग नुसता तकाकता. मधला डोह तसाच मोकळा ठेवला. आरशाच्या एका टोकाशी पारा उडून जवाएवढा काळा डाग पडलेला होता. तो झाकायला त्यानं तिथे मातीची म्हैस बसवून पाहिली, पण म्हैस काचेवर टिकेना. शेवटी त्यानं म्हैस काठावर घेतली आणि डाग राहू दिला. काठावर घागरी घेतलेल्या चार बाया उभ्या केल्या.

देशमुख आले, पाहिलं. त्यांनी इंजिन पुलावर ठेवलं, खाली वाकले, तर पाण्यात दुसरं इंजिन उलटं चाललेलं. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. उठताना त्यांनी इंद्रभानाच्या खांद्यावर हात ठेवला. सोळा सोमवार केल्याचं फळ एका दुपारी मिळावं, असं इंद्रभानाला झालं.

ते सुख दिवस मावळेपर्यंत टिकलं. तो ओट्यावर बसून पाय धूत होता, तेव्हा आत पेटीचं झाकण वाजलं. मग मिटल्याचा आवाज. मग पुन्हा उघडल्याचा. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. अक्का बाहेर आली तेव्हा तिचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला समजत नसावं. तिनं दाराची चौकट धरली.

"इंद्रा, घरात कोणी आलतं का?"

"नाही. काऊन?"

"काही नाही," अक्का म्हणाली. "पेटीत झुरळं झाली वाटते."

आणि ती चुलीपुढे जाऊन बसली. इंद्रभानाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. धूळ का नव्हती, हे त्याला तेव्हा कळलं. तेलाचा अंगठा कोणाचा, तेही कळलं. ती पाहत होती. घरात कोणी नसताना, पेटी उघडून, नऊ वर्षं. आणि आता तिला विचारताही येत नव्हतं, कारण विचारायचं म्हणजे विधवा बाई आरशात पाहते हे आपल्याच तोंडानं कबूल करायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मारणारा तिनं कडेवर वाढवलेला भाऊ.

त्याला लाज वाटली. चोरी केल्याची वाटली, पण त्याहून जास्त वाटली ती तिची जपलेली वस्तू टाकून दिलेली समजल्याची. रात्री तो जेवायला बसला. अक्कानं त्याला नेहमीसारखी भाकर वाढली आणि आज हात दुखतात का, असं विचारलं. तो नाही म्हणाला. सांगून टाकावं म्हणून त्यानं दोनदा मान वर केली. पण सांगायचं काय? अक्का, तू आरशात पाहतेस ते मला कळलं, असं? त्यापेक्षा चोर ठरणं बरं. आणि चोर ठरण्याचीही त्याची छाती होईना.

महालक्ष्म्यांच्या पूजेच्या दिवशी देशमुखांचं घर बायांनी फुललं. पितळी मुखवट्यांपुढे आगगाडी गोल गोल फिरत होती, बोगद्यातून निघून पुलावर येत होती, आणि पुलावर आली की बाया बोट दाखवत होत्या ते गाडीकडे नव्हे, खाली पाण्याकडे. मलकापूरचे वकील चष्मा काढून, पुसून पुन्हा पाहत होते. ते म्हणाले, देशमुख, पाणी नक्की कोरडं आहे ना?

"हातच्या काकणाले आरसा कायले पाहिजे?" देशमुख खुशीत म्हणाले. "बोट लावून पाहा. काय बे इंद्रभान, कुठून आणला हा आरसा?"

सगळ्यांनी इंद्रभानाकडे पाहिलं. मागच्या दारात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, वाटण-घाटण करणाऱ्या दोघीतिघी बाया डोकावत होत्या. त्या विधवा, हळदीकुंकवाच्या बायांत त्यांना येता येत नव्हतं, म्हणून त्या उंबऱ्याच्या पलीकडेच होत्या. त्यांत अक्का होती. तिची मोकळी मनगटं पिठानं पांढरी झाली होती.

"मलकापूरच्या बाजारातून आणला, मालक," इंद्रभान म्हणाला.

तो बोलला आणि मग त्याला ती दिसली. आधी दिसली असती तर वेगळं बोलला असता का, हे त्यानं पुढे स्वतःला फार वेळा विचारलं, आणि उत्तर कधी त्याच्या बाजूनं आलं नाही. अक्का आत वळली. थोड्या वेळानं जात्याची घरघर सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी महालक्ष्म्यांची पाठवणी झाली. घर रिकामं झालं. तेव्हा मनकर्णाबाईंनी मागच्या बायांना हाक मारली. तीन दिवस राबल्या, त्यांनीही गाडी पाहावी. रुखमाबाई नावाची म्हातारी आली, आणखी एक आली, आणि सगळ्यांच्या मागे हात पुसत अक्का आली. देशमुखांनी चावी दिली. गाडी सुटली तशी रुखमाबाईनं तोंडाला पदर लावला आणि गाडीबरोबर मान फिरवू लागली.

अक्का गाडी पाहत नव्हती. ती पुलाच्या बाजूला आली, किंचित वाकली, आणि तिचं बोट सरळ त्या जवाएवढ्या डागावर गेलं. शोधलं नाही, चाचपलं नाही. आपल्या घराच्या कडीवर हात जावा तसं गेलं. इंद्रभान डोंगराआडून गाडीचा सुटलेला डबा उचलत होता. आता ती बोलेल, असं त्याला वाटलं. बोलली तर बरं, असंही वाटलं.

"पाणी चांगलं केलं," अक्का म्हणाली.

त्यानं सुटलेला डबा रुळावर ठेवला.

"काठावर चार बाया केल्या तुनं. घागरी घेऊन उभ्या. एकही वाकली नाही."

"माती ओली असते, अक्का," तो म्हणाला. "वाकवली तं पडते."

"हाव," ती म्हणाली. "बाई पाणी भरायच्या आधी वाकून पाहतेच. कोणी नसलं म्हणजे."

तिनं बोट उचललं, पदर सारखा केला आणि ती इतरांबरोबर मागच्या दारानं निघून गेली.

आरास मोडली की आरसा काढून घ्यायचा, निदान दोन तुकडे तरी तिच्या पेटीत परत ठेवायचे, एवढं एक इंद्रभानानं मनाशी धरलं होतं. तेही झालं नाही. देशमुखांनी जाहीर केलं की गाडी आता मोडायची नाही. दिवाळीनंतर डिप्टी कमिशनर साहेबांचा दौरा होता, त्यांना दाखवायची होती. मधल्या खोलीत कायमचा चौथरा करून सगळं तिथे हलवलं, आणि ते हलवायलाही इंद्रभानच होता.

मग तो मोताळ्याच्या बाजाराला गेला. बांगड्या-आरसे विकणाऱ्या मन्याराच्या दुकानापुढे दोनदा गेला, दोनदा परतला. तिसऱ्यांदा त्यानं आरसा मागितला. मोठा. जाड काचेचा. मन्यार गावोगाव फिरणारा, घरोघरची माणसं ओळखणारा. त्यानं कागदात आरसा गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं,

"घरवालीसाठी काय, इंद्रभानजी?"

एवढंच तर होतं. बहिणीसाठी म्हणायचं होतं. पण बाजार भरला होता, बाजूला गावचेच दोघे जण दोर घेत होते, आणि त्याची विधवा बहीण साऱ्यांना ठाऊक होती.

"हाव," इंद्रभान म्हणाला.

खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण हे खोटं त्याच्या आधी घरी पोचलं. तो दारात आला तेव्हा तानुबाई वाटच पाहत होती. दोर घेणाऱ्यांपैकी एकानं तिला वाटेत थट्टेनं सांगितलं होतं. तिनं त्याच्या काखेतून कागद ओढून घेतला. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण तिच्यासाठी न मागता त्यानं कधी काही आणलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्का अंगणात ज्वारी पाखडत होती. सूप क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं. इंद्रभानानं आरसा टांगायला खुंटी ठोकून दिली. तानुबाईनं तो दारासमोरच लावून घेतला. घरात यायचं म्हणजे त्याच्यापुढूनच यावं लागे. अक्का येताना मान खाली घाली.

असे पंधरा-वीस दिवस गेले. एके दिवशी तानुबाईच त्याला म्हणाली की ऐकलं का, वन्सं उद्यापासून देशमुखांकडे जाणार आहेत. त्या गाडीवर धूळ बसते, तर रोज दुपारी पुसायला. आणि गाडीला दिवसातून एकदा चावी द्यावी लागते, नाहीतर आतली कमान गंजते, असं देशमुख म्हणतात; त्यांना आताशा कंटाळा येतो, तेव्हा तेही काम वन्संनाच दिलं.

"देशमुखीणबाईनं बलावलं काय?" इंद्रभानानं विचारलं.

"नाही. वन्संनीच जाऊन विचारलं म्हणे."

अक्कानं कोणापाशी काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. भाकरीवर मीठसुद्धा ती मागत नसे; नसलं तर तशीच खाई.

दिवाळी झाली. कार्तिकातल्या एका दुपारी तो देशमुखांकडे वांग्यांची पाटी घेऊन गेला. पुढच्या ओट्यावर कोणी नव्हतं. जेवणं होऊन घर सुस्तावलं होतं. पाटी आत ठेवावी म्हणून तो गेला, आणि मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, त्याच्या फटीशी थांबला.

डोंगरांवर धूळ होती. शेवाळाच्या गवतावर, घोसाळ्याच्या झाडांवर, स्टेशनाच्या छपरावर धुळीचा थर होता. घागरी घेतलेल्या चारही बाया मळकट झाल्या होत्या. इंजिनावर कोणीतरी घाईनं फडकं फिरवल्याच्या रेघा होत्या. नदी तेवढी लख्ख होती. इतकी लख्ख ती पूजेच्या दिवशीही नव्हती.

अक्का पुलाच्या बाजूला गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती. पदर मागे सरकला होता. नदी हातभर लांब आणि वीतभर रुंद, त्यातही काठाला डिंक. तिला आपला चेहरा सबंध दिसत नसणार. ती थोडी डावीकडे होई, मग उजवीकडे होई, आणि तुकड्या-तुकड्यानं पाही. कपाळावर, जिथे कुंकू नव्हतं तिथे, लहानपणी गोंदलेला हिरवा टिपका तेवढा उरला होता. तिनं बोट ओलं करून त्यावरून फिरवलं. ती हसत नव्हती, की रडतही नव्हती. सकाळी बांधावर उभं राहून माणूस आपलं रान पाहून घेतो, आहे ना सगळं, तसं ती पाहत होती.

इंद्रभान मागे सरला. एक पाऊल, मग दुसरं. पाटी डोक्यावर तशीच होती. तो ओट्यावर पोचला, तोच समोरून देशमुख येताना दिसले, बरोबर मलकापूरचे वकील आणि आणखी एक पाहुणा. हातवारे करत देशमुख पाहुण्याला नदीबद्दलच सांगत होते. ते पहिल्या पायरीवर चढले तेव्हा इंद्रभानानं पाटी उतरवली आणि बरोबर त्यांच्या वाटेत, वरच्या पायरीवर आडवी ठेवली.

"मालक," तो म्हणाला, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाला की वकील दचकले, "औंदा वांग्यावर कीड लय पडली."

"मंग म्या काय करू?" देशमुख म्हणाले. "सरक बे, पाव्हण्याले गाडी दाखवायची हाय."

"पाहा तं खरं," इंद्रभान पायरीवरच उकिडवा बसला आणि त्यानं एक वांगं उचलून देशमुखांच्या हातात दिलं. "वरून कसं चांगलं दिसते. चकचकीत. आता याले आत भोक हाय का नाही, कसं कळावं माणसाले? म्या चौदा वर्षं वांगी करून राह्यलो, मले कळत नाही."

पाहुण्यांना मौज वाटली असावी, ते थांबले. वकिलांनी आपल्या गावाकडचा एक उपाय सांगितला. इंद्रभानानं तो पुन्हा सांगायला लावला. मग राखेचं विचारलं, मग कडुनिंबाच्या पाल्याचं. देशमुखांनी दोनदा पाय पुढे टाकला आणि दोनदा त्यानं त्यांच्या हातात नवं वांगं ठेवलं. इतकं तो देशमुखांशी बारा वर्षांत मिळून बोलला नव्हता. आपण वेड्यासारखे दिसतो आहोत हे त्याला कळत होतं, आणि कानांच्या पाळ्या पेटल्या होत्या.

आतून किर्र किर्र अशी गाडीला चावी दिल्याचा आवाज येईपर्यंत तो वांग्यांबद्दल बोलत राहिला. मग त्यानं पाटी उचलली आणि वाट दिली.